गाडी चालवणाऱ्याला फोन
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मागच्या महिन्यात कार्यवाहताई आमच्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "मी सातवी शिकलेली बाई. पापड, कुरडया, सांडगे यांवर सांगा, बोलते." त्या म्हणाल्या, "पापडांवर तीन वर्षे झाली. तुमच्या गाडीत ते तोंडाने बोलून फोन लावतात ना, त्यावर बोला. पुष्कळजणी विचारत होत्या." म्हणून मी उभी आहे. मी वक्ता नव्हे. वहीत लिहून आणले आहे तेच वाचते. काही चुकले तर घरातली समजून सांभाळून घ्यावे.

खरे पाहता तोंडाने सांगून फोन लावणे ही काही नवी गोष्ट नव्हे. माझे वडील सांगत, की त्यांच्या वेळी फोन तसाच लागे. पोस्टात जायचे, ट्रंक कॉल नोंदवायचा, अमुक गाव, अमुक नंबर असे सांगायचे आणि बाकावर बसून राहायचे. एक्स्चेंजमधला माणूस तारा जोडून देई. मोटारीतला फोनही तसाच सुरू झाला. १९४६ साली अमेरिकेत सेंट लुई शहरात मोटारीत फोन बसवले, तेव्हा मोटारीतल्या माणसाला ऑपरेटरबाईला नंबर तोंडानेच सांगावा लागे. पुढे चकती आली, बटणे आली, पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, मोबाईल आला आणि सगळे काम बोटांवर आले. आता पुन्हा तोंडावर आले आहे. पलीकडे बाई नाही, यंत्र आहे, एवढाच फरक.

यंत्राला माणसाचे बोलणे कळावे म्हणून लोक फार दिवस खटपट करीत होते. १९५२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने कपाटाएवढे एक यंत्र केले. त्याला नुसते शून्य ते नऊ आकडे कळत, तेही ओळखीच्या आवाजात. दहा वर्षांनी, १९६२ साली, आयबीएम कंपनीने १६ शब्द ओळखणारे यंत्र लोकांना दाखवले. सोळा शब्द! आपली दोन वर्षांची नातवंडे यापेक्षा जास्त ओळखतात. आपल्या मराठीचा नंबर तर फारच उशिरा लागला. गूगलची मराठी बोलून शोधायची सोय २०१७ साली आली, आणि मराठीत सांगितलेले काम ऐकणारा मदतनीस २०१८ साली. हे सगळे मला पुण्याच्या मुलाने सांगितले, मी लिहून घेतले.

आता ते चालते कसे, ते सांगते. फोनमध्ये ब्लूटूथ नावाची सोय असते. तिने फोनची आणि गाडीतल्या टेपची बिनतारी गाठ पडते. आम्ही अजून टेपच म्हणतो, कॅसेटी जाऊन वीस वर्षे झाली तरी. (ब्लूटूथ म्हणजे निळा दात. हजार वर्षांपूर्वीच्या डेन्मार्कच्या एका राजाचे ते टोपणनाव. मला आधी वाटले मुलगा चेष्टा करतो आहे.) ही गाठ एकदा घालून दिली, की पुढे गाडी सुरू होताच दोघे आपोआप एकमेकांना ओळखतात. फोन खिशात राहिला तरी चालतो, पिशवीत राहिला तरी चालतो. टेपवर एक बटण असते, नव्या गाड्यांत ते स्टिअरिंगवरच असते. ते दाबले की "टिंग" असा आवाज येतो. त्यानंतरच बोलायचे. आधी बोलले तर ते ऐकत नाही, आणि आपण विचार करीत बसलो तर ते कंटाळून बंद होते. "अमक्याला फोन लाव" असे म्हटले, की आपला आवाज बहुतेक वेळा इंटरनेटवरून कुठल्या तरी दूरच्या मोठ्या संगणकाकडे जातो. तिथे आवाजाची अक्षरे होतात. ती अक्षरे फोनमधल्या नावांच्या यादीशी ताडून पाहिली जातात, आणि जुळले तर फोन लागतो. दोन-तीन सेकंदांचे काम. म्हणून रेंज नसेल तिथे ते बहुधा हात वर करते.

खरी अडचण यंत्रात नव्हती, आमच्या यादीत होती. आमच्या फोनात नावे भरली होती मुलाने, तो शाळेत असताना, इंग्रजी अक्षरांत, त्याच्या नात्याने. धाकट्या दिरांनी नंबर बदलला तेव्हा त्याने त्यांना "काका न्यू" करून टाकले. त्यांच्याखेरीज "काका औसा", "दूधवाले काका", "मोटरवाइंडिंग काका" असे मिळून सात काका. "काकांना फोन लाव" म्हटले की यंत्र विचारी, कोणत्या काकांना? आणि ते माझे कुणीच काका नव्हेत! मी तर पहिले कित्येक दिवस त्याला "फोन लावा" असेच म्हणत होते. भाचा हसला. म्हणाला, "मामी, ह्याला कशाला अहो-जाहो करलालाव?" पण बाई, ते इतके अदबीने बोलते, की आपल्याला एकेरीवर यायला जड जाते.

आता यांच्या नावाची गोष्ट सांगते. यांचे नाव मी लग्नात उखाण्यात घेतले, आणि पुढे सासूबाईंनी अडवले तेव्हा सणावारी. एरवी घेत नाही. या वयात टेपसमोर घ्यावे असे मला वाटेना. फोनात मी त्यांना "मालक" म्हणून भरले होते. एकदा भाचा गाडी चालवीत होता आणि मी शेजारी बसले होते. मी बटण दाबून म्हटले, "मालकाला फोन लाव." फोन लागला तो आम्ही पूर्वी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो त्या घरमालकांना. ते म्हणाले, "काय वहिनी, बारा वर्षांनी आठवण?" आता मी काय सांगणार! प्रकृती विचारली, शेतीचे विचारले. त्यांच्या मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, पुढच्या आठवड्यात पत्रिका आली, आणि आहेर करावा लागला. एका हुकुमाचे पाचशे एक रुपये झाले.

त्यानंतर मी एक रविवार बसून सगळी यादी नव्याने भरली. आपण घरात ज्याला जसे हाक मारतो तसे, मराठी अक्षरांत. धाकटे भाऊजी, औशाची आक्का, दवाखान्यातली नणंदबाई. दोन नावे सारखी ऐकू येणार नाहीत असे पाहिले. यांना "घरधनी" केले. तेव्हापासून दहात नऊ वेळा बरोबर लागतो. आमच्या सासूबाईंना अक्षरओळख नाही. आजवर मुलीला फोन करायचा तर कुणाच्या तरी पाठीमागे लागावे लागे. आता त्या ओसरीवर बसून फोनला सांगतात, "धाकलीला फोन लाव," आणि लागतो. ऐंशीला टेकलेल्या बाईला कुणाची मिनतवारी करावी लागत नाही, हे मला या यंत्राचे सर्वांत मोठे काम वाटते, आणि त्याला गाडीही लागत नाही.

पण हे आमच्या घरात हौसेने आलेले नाही. एका अपघातानंतर आले. तो अपघात अर्ध्या रेणापूरला माहीत आहे, आणि उरलेल्या अर्ध्याला चुकीचा माहीत आहे. कार्यवाहताईंनी विषय दिला तेव्हाच मी ठरवले, की बोलायचे तर हे बोलायचे, नाही तर बोलायचेच नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. शेवटचा गुरुवार होता, उद्यापन होते. घरात सवाष्णी आलेल्या, तुमच्यापैकी तीन-चारजणी त्यात होत्या. हे सोयाबीन घेऊन लातूरला आडतीवर गेले होते आणि परत निघाले होते. पूजेच्या पाच फळांत मला एक कमी पडत होते. मी यांना फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. नाही. मला राग आला. बायका खोळंबल्या आहेत आणि हे फोन उचलीत नाहीत! तिसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला आणि कानाला लावला. मी विचारले, "कुठवर आलाव? केळी घेतलाव का?" ते म्हणाले, "कसली के..."

दिवस मावळला होता. उसाचा हंगाम. आपल्या रस्त्याने त्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, हे तुम्ही जाणता. पुढच्या ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, चमकणारी पट्टीही नव्हती. यांना ती दिसली तेव्हा फार जवळ आली होती. एका हाताने स्टिअरिंग फिरवले, गाडी रस्त्याखाली उतरली आणि बाभळीवर गेली.

फोन चालूच होता. मी ते सगळे ऐकले. काच फुटल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग ट्रॅक्टरवरच्या माणसांचे ओरडणे. मी "अहो, अहो" म्हणत राहिले. उत्तर येईना. तेव्हा मी त्यांचे नाव घेऊन हाका मारल्या, भरल्या घरात, सवाष्णींच्या देखत, किती वेळ ते मला माहीत नाही. ज्या होत्या त्यांना आठवत असेल.

डावे मनगट मोडले, कपाळाला सहा टाके पडले, दोन महिने शेत दुसऱ्यांच्या भरवशावर राहिले. जीव वाचला, दुसऱ्या कुणाला लागले नाही. पण गल्लीत बोलले गेले की यांना डुलकी लागली. काहींनी त्याच्या पुढचेही बोलले, ते मी इथे उच्चारीत नाही. यांनी सासूबाईंना सांगितले नाही, माझ्या भावाला सांगितले नाही, मुलाला सुद्धा दोन महिने सांगितले नाही की फोन कुणाचा होता. "डोळा लागला असंल," एवढेच म्हणत राहिले. आणि मी ऐकून घेतले. भगिनींनो, त्यांना डुलकी लागली नव्हती. माझा फोन आला होता. एका डझन केळ्यांसाठी तिसऱ्यांदा.

मुलगा पुण्याहून आला. त्याने गाडी दुरुस्त करून घेतली, नवा टेप बसवला, गाठ घालून दिली आणि म्हणाला, "बाबा, आता फोन हातात घ्यायचाच नाही. बोलायचं फक्त." मला वाटले, सुटलो.

सहा महिने मी समाधानात होते. मग एकदा आम्ही दोघे लातूरहून येत होतो. हे बोलत होते धाकट्या भाऊजींशी, पाइपलाइनच्या खर्चाविषयी. दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोर, अगदी शहाण्या मुलासारखे. आणि आमच्या शेताकडे वळायचा फाटा मागे गेला. ज्या फाट्याला ते जन्मापासून वळत आले, तो त्यांना दिसला नाही. मी म्हटले, "अहो, फाटा गेला." ते म्हणाले, "कुठला फाटा?"

तेव्हा माझ्या लक्षात आले. आपण पोळ्या लाटीत असतो आणि शेजारीण दारात बोलत असते. हात लाटतात, डोळे तव्यावर असतात, पोळी करपत नाही. पण त्या बोलण्यात भाजीला मीठ दोनदा पडते. डोळे होते, लक्ष नव्हते. भाजीचे खारट होते, गाडीचे तेवढ्यावर भागत नाही.

मुलाला हे सांगितले तेव्हा त्याने शोधून वाचून दाखवले. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातले डेव्हिड स्ट्रेयर नावाचे प्राध्यापक याच विषयाचा अभ्यास करतात. तिथल्या ट्रिपल ए या मोटारवाल्यांच्या संस्थेच्या प्रतिष्ठानासाठी त्यांनी गाडीतल्या बोलून चालणाऱ्या यंत्रांची तपासणी केली. २०१५ साली त्याचा निष्कर्ष छापून आला, की यंत्राला काम सांगून संपल्यावर सुद्धा माणसाचे मन रस्त्यावर पुरते परत यायला काही वेळा २७ सेकंद लागतात. मुलाने आणि मी कागदावर हिशेब केला. गाडी ताशी ६० च्या वेगाने असेल तर २७ सेकंदांत ती ४५० मीटर जाते. जवळजवळ अर्धा किलोमीटर गाडी अशा माणसाच्या हातात, जो गाडीत आहे आणि नाहीही. जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवून बोलणे हे हातात धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही.

मग कुणी म्हणेल, शेजारी बसलेली बायको बोलतच असते की! बोलते. पण तिला समोरचा बैल दिसतो. गतिरोधक आला, आडवे कुणी आले, की ती आपोआप गप्प होते, किंवा "अहो, सांभाळून" म्हणते. फोनवरच्या माणसाला यातले काही दिसत नाही. मला त्या दिवशी ट्रॉली दिसत असती तर मी केळ्यांचे विचारले असते का?

कायदा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८४ व्या कलमात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यात गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक चालवण्यात घातले आहे. पहिल्या वेळी एक हजारापासून पाच हजारांपर्यंत दंड, किंवा सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण त्यात "हातात धरलेला" फोन आहे. तोंडाने लावलेल्या फोनला ते कलम अडवीत नाही. आणि फोन करणारीला तर कुठलेच कलम नाही. घरात बसून जी तीन-तीनदा फोन करते, तिला कोण दंड करणार?

आमच्या घरी आता काय चालते तेवढे सांगते. सकाळी निघताना मी यांच्या खिशात चिठ्ठी घालते. हवे ते सगळे त्यात, जे राहील ते राहील, दुसऱ्या दिवशी आणू. लातूरहून निघताना गाडी सुरू करायच्या आधी ते फोन करतात, "निघलो." त्यानंतर मी फोन करीत नाही. फारच नड असली आणि करावाच लागला, तर पहिले वाक्य एकच, "गाडी चालू हाय का?" हो म्हणाले की मी स्वतः फोन ठेवते. ते पुढे पिंपळफाट्यावर चहाला थांबतात, तिथून लावतात. भाऊजींना, नणंदेला, भाच्याला, सगळ्यांनाच मी हे विचारते. औशाच्या आक्काला सुरुवातीला राग आला. तिचा मुलगा टेम्पो चालवतो, आणि मी त्याच्या फोनवर "नंतर बोल रे बाबा" म्हणून ठेवून दिला. आक्का म्हणाली, "लई मोठी झालीस." आठ दिवस बोलली नाही. मग मी तिला केळ्यांची गोष्ट सांगितली. घराबाहेर सांगितलेली ती पहिली.

म्हणजे यंत्र टाकून द्यावे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच, की गाडी चालवणाऱ्याने ते कमी आणि शेजारच्याने जास्त वापरावे. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या. नववा पूर्ण व्हायला अवकाश होता. तिला घेऊन आम्ही अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याकडे निघालो. पाऊस होता. हे चालवीत होते, तिची सासू पुढे बसून देवाचे नाव घेत होती, मी मागे, पोरीचे डोके माझ्या मांडीवर आणि माझे दोन्ही हात तिने आवळून धरलेले. फोन माझ्या पिशवीत, पिशवी पायाशी. मी सासूला म्हटले, "मावशी, ते बटण दाबा." आणि मागूनच सांगितले, "दवाखान्यातल्या नणंदबाईंना फोन लाव." पावसाच्या आवाजात पहिल्या वेळी ऐकले नाही. दुसऱ्या वेळी लागला. बोलले मी. यांनी एक शब्द बोलला नाही, मानही वळवली नाही. आम्ही पोचलो तेव्हा नणंदबाई स्ट्रेचर घेऊन दारात उभ्या होत्या. मुलगी झाली. मघाशी पुढच्या रांगेत रडत होती ती हीच.

तरीसुद्धा १०८ आणि ११२ हे दोन नंबर प्रत्येकीने पाठ करावेत. पहिला रुग्णवाहिकेचा, दुसरा कुठल्याही संकटाचा. रेंज गेली, आवाज बसला, पाऊस पडला, तर यंत्राचे काही सांगता येत नाही. बोटाने लावता आला पाहिजे.

आणखी एक. अध्यक्षीणबाईंच्या परवानगीने येत्या मंगळवारी दुपारी तीन वाजता मंडळाच्या खोलीत मी बसणार आहे. ज्यांना यादी मराठीत भरून घ्यायची आहे त्यांनी फोन घेऊन यावे, चार्जिंग करून आणावे, तिथे एकच बोर्ड आहे. ज्यांचे नंबर फोनात नाहीत ते कागदावर लिहून आणावेत. पाठ कुणालाच राहिलेले नाहीत, मलाही नाही. आणि कुणी कुणाला "मालक" म्हणून भरले असेल, तर ते आपण सर्वांत आधी बदलून घेऊ.